ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधील दीर्घ पल्ल्याची अवजड मालवाहतूक : अंतर, थकवा आणि उत्तरदायित्व

सारांश :
ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडा, विस्तीर्ण आणि विरळ वस्तीचा प्रदेश 'आउटबॅक' या नावाने ओळखला जातो. एका ट्रकला दोन, तीन किंवा क्वचित चार ट्रेलर जोडून चालणारी 'रोड ट्रेन' हे या प्रदेशातील मालवाहतुकीचे प्रमुख साधन होय. प्रस्तुत लेखात या साधनाचा उगम, त्याची रचना, ते चालविणाऱ्या चालकाचे श्रम आणि त्या श्रमांचे नियमन करणारे कायदे यांचा परिचय करून दिला आहे. यंत्राने अंतराचा प्रश्न सोडविला. परंतु चालकाच्या थकव्याचा प्रश्न सोडविण्यासाठी कायद्याला चालकाच्या पलीकडे, थेट माल पाठविणाऱ्यापर्यंत जावे लागले, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आउटबॅक, रोड ट्रेन, दीर्घ पल्ल्याची वाहतूक, चालकाचा थकवा, उत्तरदायित्वाची साखळी.

प्रस्तावना :
आपल्याकडे ऑस्ट्रेलियाचा परिचय बहुधा मेंढपाळी, सोन्याच्या खाणी आणि क्रिकेट यांच्या द्वारे होतो. या देशातील माणसे आणि माल एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कसे पोहोचतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक ऑस्ट्रेलियाच्या अर्थव्यवस्थेतील तो एक मूलभूत प्रश्न आहे. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौ. कि. मी. म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या साधारण एक चतुर्थांश आहे. त्यातही बहुसंख्य लोक समुद्रकिनाऱ्यालगतच्या शहरांत राहतात. 'नॉर्दर्न टेरिटरी' हा एकच प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा असून तेथील लोकसंख्या सुमारे अडीच लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढीच आहे.

अशा प्रदेशात दूध, औषधे, इंधन, पशुधन आणि खनिजे यांची ने-आण करणारा ट्रकचालक हा केवळ एका व्यवसायाचा प्रतिनिधी राहत नाही. तेथील लोकजीवन त्याच्यावर अवलंबून असते. म्हणूनच त्याच्या श्रमांचा विचार भूगोल, अर्थशास्त्र, श्रमविषयक कायदा आणि आरोग्यशास्त्र अशा अनेक अंगांनी करावा लागतो.

लेखाची उद्दिष्टे :
१. आउटबॅकमधील अवजड वाहतुकीच्या विकासाचे टप्पे समजून घेणे.
२. रोड ट्रेनची रचना आणि ती चालविताना येणाऱ्या अडचणी स्पष्ट करणे.
३. चालकाचा थकवा, त्याचा मोबदला आणि रस्ता सुरक्षा यांतील संबंध तपासणे.
४. ऑस्ट्रेलियातील 'उत्तरदायित्वाची साखळी' या कायदेशीर संकल्पनेचा अर्थ विशद करणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. उंटांच्या तांड्यांपासून मोटार ट्रकपर्यंत
आउटबॅकमध्ये जड वाहतुकीचे पहिले समर्थ साधन उंट हे होते. १८६० साली बर्क व विल्स यांच्या शोधमोहिमेसाठी कराची बंदरातून उंट नेण्यात आले. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या उद्योजकाने शंभरहून अधिक उंट आणि त्यांच्यासोबत ३१ उंटचालक दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा येथे आणविले. कराची ज्या सिंध प्रांतात होती तो प्रांत त्या काळी मुंबई इलाख्याचा भाग होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा विविध भागांतून आलेल्या या उंटचालकांना तेथे सरसकट 'अफगाण' म्हटले जाई. लोकर, धान्य, पाणी, खाणींचे साहित्य आणि १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या तारयंत्राच्या मार्गासाठीचे सामान त्यांनी वाहून नेले.

१९२० च्या दशकात मोटार ट्रक आले आणि उंटांचा उपयोग संपला. अनेक उंट मोकळे सोडून देण्यात आले. १९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्याची मुभा देणारा कायदा केला. उंटचालकांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. १९०१ नंतरच्या वर्णभेदी स्थलांतर धोरणामुळे त्यांच्यापैकी अनेकांना नागरिकत्व नाकारले गेले. वाहतुकीचे साधन बदलले की ते चालविणाऱ्या माणसाचा विसर पडतो, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

मोटार वाहतुकीच्या प्रारंभीच्या काळाचे प्रतिनिधी म्हणून टॉम क्रूझ यांचा उल्लेख करावा लागेल. १९३६ पासून अनेक वर्षे त्यांनी मारी ते बर्ड्सव्हिल या सुमारे पाचशे कि. मी. च्या वाळूच्या मार्गावर टपाल आणि जिन्नस पोहोचविले. १९५४ च्या 'द बॅक ऑफ बियाँड' या माहितीपटामुळे ते देशभर परिचित झाले.

अनेक ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाचा प्रयोग शासनाने आधीच केला होता. १९३४ साली ब्रिटनमध्ये बनविलेले, आठही चाकांना गती मिळणारे एईसी कंपनीचे वाहन ऑस्ट्रेलियात आणण्यात आले. आधुनिक रोड ट्रेनच्या निर्मितीचे श्रेय मात्र ॲलिस स्प्रिंग्ज परिसरातील कर्ट जोहानसन (१९१५–२००२) या स्वयंशिक्षित यंत्रज्ञाला दिले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने विक्रीस काढलेला रणगाडावाहू ट्रक घेऊन त्यांनी त्याच्यामागे पुढच्या वाहनाच्या चाकोरीतूनच वळणारे ट्रेलर जोडले. त्यामुळे एका खेपेत मोठ्या संख्येने गुरे नेणे शक्य झाले. तोपर्यंत गुरांचे कळप आठवडेच्या आठवडे हाकत न्यावे लागत. वाटेत त्यांचे वजन घटे आणि दुष्काळात जनावरे दगावत. १९६० च्या दशकात केंद्र शासनाच्या साहाय्याने खास गुरांच्या वाहतुकीसाठी 'बीफ रोड' बांधले गेले आणि पायी कळप नेण्याची परंपरा मागे पडली.

रस्त्यांच्या विकासाला युद्धाने चालना दिली. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने डार्विनवर बॉम्बहल्ला केल्यानंतर ॲलिस स्प्रिंग्जपासून उत्तरेकडे जाणारा लष्करी मार्ग अत्यावश्यक ठरला. हाच पुढे डार्विन ते पोर्ट ऑगस्टा या सुमारे २,७०० कि. मी. लांबीच्या स्टुअर्ट महामार्गाचा भाग बनला. त्याचे डांबरीकरण पूर्ण व्हायला मात्र १९८७ साल उजाडले. लोहमार्ग १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत पोहोचला होता. तो डार्विनपर्यंत जोडला गेला २००४ मध्ये. मधल्या पंचाहत्तर वर्षांत या दोन शहरांमधील भूमार्गाने होणारी मालवाहतूक मुख्यतः रस्त्यावर विसंबून होती.

२. रोड ट्रेनची रचना
रोड ट्रेनमध्ये 'प्राइम मूव्हर' म्हणजे ओढणारा ट्रक, त्याच्या पाठीवर टेकलेला पहिला ट्रेलर आणि त्यानंतरचे ट्रेलर असे भाग असतात. पहिला ट्रेलर व त्यामागचा ट्रेलर यांच्यामध्ये 'डॉली' नावाचा स्वतंत्र चाकांचा गाडा असतो. मागच्या ट्रेलरचे पुढचे टोक त्याच्यावर टेकलेले असते. तिहेरी रोड ट्रेनची कमाल लांबी ५३.५ मीटर असते आणि मालासह तिचे वजन ११५ टनांच्या पुढे जाऊ शकते. खाणींच्या मार्गांवर यापेक्षाही जड वाहने परवानगीने चालतात. २००६ साली क्वीन्सलँडमधील क्लिफ्टन येथे एका ट्रकने ११२ ट्रेलर ओढण्याचा विक्रम केला. त्यातून इंजिनाची शक्ती सिद्ध झाली. प्रत्यक्ष वाहतुकीतील प्रश्न मात्र वेगळे आहेत.

पहिला प्रश्न स्थैर्याचा आहे. चालकाने सुकाणूला दिलेला लहानसा झटका मागे जाताना वाढत जातो आणि शेवटच्या ट्रेलरला तो सर्वाधिक जाणवतो. म्हणून अचानक वळण घेणे अत्यंत धोकादायक ठरते. दुसरा प्रश्न थांबण्याचा आहे. शंभर टनांहून अधिक वजन वेगात असताना ते थांबविण्यासाठी दीर्घ अंतर लागते. त्यामुळे चालकाला समोरच्या रस्त्याचा विचार खूप आधी करावा लागतो.

तिसरा प्रश्न इतर वाहनांचा आहे. समजा, रोड ट्रेन ताशी ९० कि. मी. वेगाने जात आहे आणि मागची मोटार ताशी ११० कि. मी. वेगाने तिला ओलांडू पाहते. दोहोंच्या वेगातील फरक सेकंदाला साधारण साडेपाच मीटर होतो. रोड ट्रेनची लांबी आणि पुढे-मागे राखायचे सुरक्षित अंतर मिळून ११० मीटर धरले, तर ओलांडण्यास सुमारे २० सेकंद लागतील. तेवढ्या वेळात मोटार सुमारे ६०० मीटर पुढे जाईल. समोरून येणारे वाहनही त्याच वेगात असेल, तर किमान १.२ कि. मी. रस्ता मोकळा दिसणे आवश्यक ठरते. दुपदरी महामार्गावर या साध्या गणिताचा विसर पडला तर तो प्राणघातक ठरू शकतो.

३. रस्ता आणि निसर्ग
आउटबॅकमधील रस्ता दोन परस्परविरोधी मागण्या करतो. एकीकडे तो कमालीचा एकसुरी असतो. आयर महामार्गावरील बॅलाडोनिया ते केगुना हा सुमारे १४६ कि. मी. चा टप्पा एकाही वळणाविना जातो. दुसरीकडे त्याच रस्त्यावर कोणत्याही क्षणी संकट उभे राहू शकते. सांजवेळी व पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. कुंपण नसलेल्या चराऊ रानांतून गुरे आणि उंटही येतात. अशा वेळी चालकाने गाडी वळवू नये, असे त्याला शिकविलेले असते; कारण वळविल्यास मागचे ट्रेलर उलटण्याचा संभव असतो. ट्रकच्या पुढे बसविलेला 'बुल बार' म्हणजे भक्कम लोखंडी अडसर यासाठीच असतो.

कच्च्या रस्त्यांवर 'बुलडस्ट' ही पिठासारखी मऊ धूळ खोल खड्डे झाकून टाकते. उत्तरेकडे पावसाळ्यात नद्या रस्त्यावर येतात आणि वाहतूक ठप्प होते. जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात आलेल्या पुरामुळे स्टुअर्ट महामार्ग आणि आंतरखंडीय लोहमार्ग दोन्ही खंडित झाले, तेव्हा डार्विन व पर्थ येथील दुकानांत वस्तूंची टंचाई निर्माण झाली होती. नेहमी नजरेआड राहणारी वाहतूक थांबली तरच दिसते, हा अनुभव त्या निमित्ताने आला.

या एकाकी प्रवासात चालकांचे परस्परसंबंध रेडिओवरून टिकून राहतात. चाळीस क्रमांकाच्या रेडिओ-वाहिनीवर पुढच्या रस्त्यावरील गुरे, पाणी, अपघात यांची माहिती एकमेकांना दिली जाते. रोड ट्रेन ओलांडू इच्छिणाऱ्या मोटारचालकाला पुढचा रस्ता मोकळा असल्याचेही तिच्यावरून कळविता येते. शेकडो कि. मी. अंतरावर असलेली 'रोडहाउस' ही इंधन, भोजन व स्नान यांची ठिकाणे होत.

४. थकवा : शरीराची मर्यादा
इंजिनाची शक्ती वाढविता आली, रस्ते सुधारता आले. मानवी झोपेची गरज मात्र कमी करता आली नाही. १९९७ मध्ये ड्रू डॉसन व कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी घटते. ऑस्ट्रेलियात सर्वसामान्य वाहनचालकासाठी हीच मद्यांशाची कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजेच मद्याचा थेंबही न घेतलेला, परंतु जागरण झालेला चालक मद्यपी चालकाइतकाच धोकादायक ठरू शकतो. फरक इतकाच की मद्यांश यंत्राने मोजता येतो. थकवा मोजण्याचे तितके सोपे साधन नाही.

या प्रश्नाचे भीषण रूप २० ऑक्टोबर १९८९ रोजी न्यू साउथ वेल्समधील कूपर येथे दिसले. हे ठिकाण आउटबॅकमध्ये नसून पूर्व किनाऱ्याच्या महामार्गावर आहे. तथापि दीर्घ पल्ल्याच्या संपूर्ण व्यवसायावर या घटनेचा परिणाम झाला. ट्रक व प्रवासी बस यांच्या धडकेत २१ जण मृत्युमुखी पडले. मृत ट्रकचालकाच्या रक्तात एफेड्रिन या उत्तेजक द्रव्याचे प्रमाण मोठे असल्याचे तपासात आढळले. चालक उत्तेजक का घेतो, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

आउटबॅकमध्ये या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. विश्रांतीचे तास आणि झोपेचे तास एक नव्हेत. सात तासांच्या विश्रांतीत जेवण, स्नान, वाहनाची तपासणी आणि घरच्यांशी बोलणे हे सर्व बसवावे लागते. रात्री वाहन चालविणाऱ्याला दिवसा झोपावे लागते, आणि चाळीस अंशांच्या उन्हात ट्रकच्या केबिनमध्ये मिळणारी झोप वातानुकूलन व सावली यांवर अवलंबून असते. दोन चालक असलेल्या ट्रकमध्ये एकाने चालत्या वाहनात झोपावयाचे असते. ती झोपही स्थिर जागेवरील झोपेसारखी नसते.

५. मोबदला आणि सुरक्षा
अनेक चालकांना मोबदला तासांवर मिळत नसून कि. मी. वर किंवा फेरीवर मिळतो. या पद्धतीत वाहन धावत असेल तेवढाच वेळ उत्पन्नाचा ठरतो. माल भरण्यासाठी गोदामाबाहेर चार तास ताटकळावे लागले, तर ते तास बहुधा विनामोबदला जातात. शिवाय माल पोहोचविण्याची वेळ तीच राहते. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी चालकाकडे दोनच मार्ग उरतात : वेग वाढविणे किंवा झोप कमी करणे.

संघीय प्रतिनिधिगृहाच्या समितीने २००० साली वाहतुकीतील थकव्यावर 'बियाँड द मिडनाइट ऑइल' हा अहवाल सादर केला. २००१ मध्ये प्राध्यापक मायकेल क्विन्लन यांनी न्यू साउथ वेल्स राज्यासाठी केलेल्या चौकशीत मोबदल्याची पद्धत, व्यवसायातील तीव्र स्पर्धा आणि असुरक्षित वाहनचालन यांतील संबंध स्पष्टपणे मांडला. २०१२ मध्ये सुरक्षित मोबदला ठरविण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन झाले. परंतु त्याने ठरविलेल्या किमान दरांमुळे आपले काम मोठ्या कंपन्यांकडे जाईल, अशी भीती स्वतःचा ट्रक असलेल्या अनेक चालकांनी व्यक्त केली आणि एप्रिल २०१६ मध्ये ते न्यायाधिकरण रद्द झाले. २०२४ पासून रस्ते वाहतुकीतील किमान मानके ठरविण्याचा अधिकार 'फेअर वर्क कमिशन'कडे देण्यात आला आहे. एकाच प्रश्नाने बारा वर्षांत तीन वेळा संसदेचे दार ठोठावले, यावरून हितसंबंधांची गुंतागुंत ध्यानात येते.

६. उत्तरदायित्वाची साखळी
१० फेब्रुवारी २०१४ रोजी 'हेवी व्हेइकल नॅशनल लॉ' हा अवजड वाहनांचा राष्ट्रीय कायदा बहुतेक राज्यांत लागू झाला. त्यातील मानक तासांनुसार एकट्या चालकाला २४ तासांत जास्तीत जास्त १२ तास काम करता येते आणि सलग ७ तासांची विश्रांती घ्यावी लागते. सात दिवसांत कामाची मर्यादा ७२ तासांची, तर चौदा दिवसांत १४४ तासांची आहे. 'काम' या संज्ञेत केवळ वाहन चालविणे नव्हे, तर माल भरणे, उतरविणे, इंधन भरणे आणि तपासणी यांचाही समावेश होतो. मान्यताप्राप्त व्यावसायिकांना काही अटींवर अधिक तासांची सवलत मिळते.

तथापि, ज्यांच्या भूमीवर आउटबॅकचा फार मोठा भाग पसरला आहे ते पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी हे दोन प्रदेश या कायद्याबाहेर राहिले. तेथे कामगार सुरक्षेच्या स्वतंत्र नियमांन्वये थकव्याचे नियंत्रण होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात चौदा दिवसांत १६८ तासांपर्यंत काम करता येते. लांब अंतरांच्या प्रदेशात ताठर नियम गैरसोयीचे ठरतात, असा तेथील युक्तिवाद आहे. त्यात तथ्यही आहे; विश्रांतीची वेळ झाली तेव्हा सुरक्षित थांबा शंभर कि. मी. दूर असू शकतो. मात्र सीमा ओलांडली म्हणून चालकाच्या शरीराची गरज बदलत नाही, हेही तितकेच खरे.

या कायद्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे 'उत्तरदायित्वाची साखळी' ही संकल्पना होय. तिच्यानुसार माल पाठविणारा, भरणारा, स्वीकारणारा, फेऱ्यांचे वेळापत्रक आखणारा आणि चालकाला नेमणारा या सर्वांवर सुरक्षेची जबाबदारी येते. १ ऑक्टोबर २०१८ पासून ही जबाबदारी अधिक व्यापक झाली. अपघात घडण्याची वाट न पाहता धोका टाळण्यासाठी शक्य ते उपाय करणे हे या घटकांचे प्राथमिक कर्तव्य ठरले आणि कंपन्यांच्या उच्च अधिकाऱ्यांवरही दक्षतेचे बंधन आले. अशक्य वेळेत माल मागणारा व्यापारी रस्त्यावर नसतो. परंतु चालकाच्या पायाखालील गतिवर्धकावर त्याचाही भार असतो, हे या कायद्याने मान्य केले.

७. भारतीय संदर्भ
भारतातही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. परंतु भारतीय ट्रकव्यवसाय प्रामुख्याने लहान मालकांच्या हाती असल्याने अशा मर्यादेची नोंद व तपासणी कठीण राहिली. जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ कि. मी. च्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गावरील अपघातांच्या निमित्ताने 'महामार्ग संमोहन' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रूढ झाला. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे अवधान मंदावते, हा आउटबॅकचा जुना अनुभव अशा रीतीने आपल्या दाराशी आला आहे. त्यावर चर्चा करताना दोष बहुधा चालकालाच दिला जातो. त्याला निघण्यापूर्वी किती झोप मिळाली, माल भरण्यासाठी तो किती वेळ थांबला आणि पोहोचण्याची वेळ कोणी ठरविली, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

निष्कर्ष :
१. उंट, मोटार ट्रक आणि रोड ट्रेन या क्रमाने आउटबॅकमधील वाहतुकीची क्षमता वाढत गेली. चालकाच्या संरक्षणाचा विचार मात्र प्रत्येक वेळी मागाहून झाला.
२. रोड ट्रेनचे आकारमान व वजन यांमुळे चालकाची चूक सुधारण्यास अवधी अत्यल्प मिळतो. म्हणून चालकाची सावध अवस्था हाच सुरक्षेचा मुख्य आधार ठरतो.
३. थकवा हा केवळ वैयक्तिक दुर्बलतेचा प्रश्न नसून तो मोबदल्याची पद्धत, प्रतीक्षेचा वेळ आणि वेळापत्रक यांच्याशी निगडित आहे.
४. कामाचे तास मर्यादित करणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. विश्रांतीची जागा, झोपेची वेळ व प्रतीक्षेचा मोबदला यांचीही व्यवस्था हवी.
५. उत्तरदायित्वाची साखळी ही संकल्पना भारतीय परिस्थितीतही अभ्यासण्याजोगी आहे.

समारोप :
पश्चिम ऑस्ट्रेलियातील खाणींच्या आवारात चालकाविना धावणारे ट्रक वापरात आले आहेत, आणि चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून त्याला सावध करणारी उपकरणेही केबिनमध्ये बसविली जात आहेत. तथापि सार्वजनिक महामार्गावरील रोड ट्रेनमध्ये आजही माणूसच बसलेला आहे. स्टुअर्ट महामार्गाचे २,७०० कि. मी. अंतर ताशी ९० कि. मी. वेगाने न थांबता कापण्यास ३० तास लागतील. यंत्र ते करू शकते, माणूस करू शकत नाही. दिवसाला बारा तासांच्या मर्यादेत त्याला तिसरा दिवस लागणारच. त्या तिसऱ्या दिवसाचा खर्च मालाच्या किमतीत धरावयाचा की चालकाच्या झोपेतून वसूल करावयाचा, हा या व्यवसायापुढील खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या चालकाने द्यावे अशी अपेक्षा करणे न्याय्य ठरणार नाही.